जुलैच्या चौकोनातले पेढे

काका पहिल्यांदा आले ते ऑगस्ट २०२४ मधल्या एका पावसाळी सकाळी. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद, त्या पिशवीभोवती आणखी एक पिशवी. सोबत पुण्याहून आलेला मुलगा. बोलत होता मुलगाच, काका माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले होते.

"मॅडम, एफआयआर करायचाय. तेवीस लाख गेले."

"कोणी नेले?" मी विचारलं.

मुलाने बापाकडे बघितलं. काका म्हणाले, "नेले असं नाही. गेले."

हा फरक काकांनी पहिल्या मिनिटात सांगून टाकला होता. तो मला कळायला पाच महिने लागले. प्रकरण लिहून काढतेय ते त्यासाठी. काकांची परवानगी घेतली आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत, आणि शेअर दलाल कंपनीचं नाव लिहिणार नाही. लवादाची कार्यवाही गोपनीय असते आणि ती तशीच राहिलेली बरी.

थोडं स्वतःबद्दल. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या बहुतेक वकिलांचा संसार दिवाणी दावे, सोसायट्यांची भांडणं, भाडेकरू आणि चेक न वटल्याच्या १३८ च्या केसेसवर चालतो. शेअर आणि फंडाच्या केसेस करणारे इथे बोटांवर मोजण्याइतके. बाररूममध्ये मला ‘शेअरवाल्या बाई’ म्हणतात आणि चहा पाजून टिप मागतात. टिप माझ्याकडे नसते, हे अजून कोणाला पटलेलं नाही.

वकिलीची पहिली वर्षं मी फोर्टात एका सीनियरकडे काढली. सकाळची फास्ट, सीएसएमटीहून चालत ऑफिस, आणि बोर्डावर केस असली की नरिमन पॉइंटला अर्नेस्ट हाउसच्या चौदाव्या मजल्यावर सॅट, म्हणजे सिक्युरिटीज अपिलेट ट्रिब्युनल. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत अपील करायचं ते या न्यायाधिकरणात, आणि तिथून पुढे कायद्याचा मुद्दा असेल तरच थेट सर्वोच्च न्यायालयात. बाकी दिवाणी कोर्टांना या विषयात सेबी कायद्यानेच दार बंद केलं आहे. तिथे येणारे पक्षकार मोठे असायचे, कंपन्यांचे प्रवर्तक, फंड हाउस, दलाल. गुंतवणूकदार दिसायचा तो फक्त आदेशातल्या परिच्छेदात, ‘गुंतवणूकदारांच्या हिताचे रक्षण’ या शब्दांत. सीनियरची एक सवय मात्र मी उचलली. नवी केस आली की ते पक्षकाराच्या खात्याचा लेजर, म्हणजे खातेवही, ज्युनियरकडून हाताने उतरवून घ्यायचे. फोटोकॉपी चालायची नाही. तीनशे ओळी हाताने लिहिल्या की कुठल्या तारखेला पैशाने वळण घेतलं ते आपोआप दिसतं.

२०२० मध्ये लोकल बंद पडल्या आणि मी घरी बसले. २३ एप्रिलला फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंडाने सहा कर्जरोखे योजना गुंडाळायला काढल्या, सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले, आणि आमच्या पाचपाखाडीतल्या इमारतीच्या गच्चीवर मास्क लावून उभे असलेले निवृत्त लोक मला विचारू लागले की आता काय. कर्नाटक उच्च न्यायालयात काय झालं, डिसेंबरमधल्या ई-मतदानात योजना गुंडाळायला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, असं सगळं. योजना गुंडाळायला युनिटधारकांची संमती लागते की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२१ ला लागते असा निकाल दिला तेव्हा गच्चीवरच्या त्या लोकांना तो मी मराठीत समजावून सांगितला. योजना बंद झाल्या त्या दिवशीच्या मालमत्तेपेक्षा जास्त रक्कम शेवटी परत आली, हा भाग निराळा. पण नरिमन पॉइंटला मी ज्यांच्याबद्दल वाचायचे ते लोक इथे, माझ्या गच्चीवर राहतात, हे मला तेव्हा दिसलं. फोर्टात परत गेले नाही. मध्यंतरी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची डेरिव्हेटिव्हची, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सची, परीक्षाही दिली. अभ्यासाला बसले तेव्हा घरचे हसले होते. त्या परीक्षेशिवाय काकांची केस मला वाचताच आली नसती.

काय झालं होतं

काका एका खासगी कंपनीच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेले. पंचवीस वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले साधारण १९ लाखांचे शेअर आणि डिमॅटमध्येच ठेवलेली १६ लाखांची म्युच्युअल फंड युनिट्स. खातं नौपाड्यातल्या एका सबब्रोकरकडे, म्हणजे दलाल कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीकडे. सबब्रोकर हा शब्द मार्च २०१९ नंतर नियमांतून गेला, आता ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणायचं, पण पाटी बदलली म्हणून लोकांची जीभ बदलत नाही. मूळचे मालक काकांच्या ओळखीचे होते. ते आजारी पडले, दुकान त्यांच्या भाच्याच्या हाती आलं, आणि भाच्याने दोन तरुण मुलं ठेवली.

जून २०२३ मध्ये त्यातला एक मुलगा काकांना म्हणाला, "काका, तुमचं एवढं नुसतं पडून आहे. त्याच्यावर महिन्याला व्याजासारखं काहीतरी सुटेल. शेअर तुमचेच राहतील."

शेअर तुमचेच राहतील हे खरंच होतं, तेवढ्यापुरतं. पूर्वी दलाल मुखत्यारपत्रावर ग्राहकाचे शेअर स्वतःच्या खात्यात ओढून घ्यायचे. त्यातून मोठा घोटाळा झाल्यावर १ सप्टेंबर २०२० पासून पद्धत बदलली. शेअर किंवा युनिट ग्राहकाच्याच डिमॅटमध्ये राहतात, फक्त त्यांच्यावर तारणाची खूण पडते, आणि ती पडण्याआधी डिपॉझिटरीकडून, म्हणजे डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेकडून, ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. ग्राहकाने स्वतः तो भरायचा. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो ग्राहक होता तो ओटीपी वाचतो, लिंक उघडतो, विचार करतो. काकांनी तो फोनवर वाचून दाखवला. जून आणि जुलैत मिळून तीन वेळा. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे पुढच्या भावांवर पैज लावणाऱ्या सौद्यांचा, विभाग सुरू करायला एक, फॉर्मवर आधारची ई-सही करायला एक, तारणाला एक. त्याच फॉर्ममध्ये त्यांचा ईमेल पत्ता बदलला गेला होता. नवा पत्ता ऑफिसातल्याच मुलाने तयार केलेला. कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे झालेल्या सौद्यांच्या पावत्या, तिकडे जायच्या.

जुलै ते नोव्हेंबर २०२३ मध्ये थोडे व्यवहार झाले, थोडा नफा, थोडा तोटा. डिसेंबरपासून लेजरचा रंगच बदलतो. आधी महिन्याला आठ-दहा सौदे, आता एका दिवसात तेवढे. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन, सकाळी विकले, दुपारी घेतले, पुन्हा विकले. डिसेंबर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ९६ दिवस सौदे झाले. प्रत्येक सौद्यावर दलाली, त्यात अधिकृत व्यक्तीचा वाटा. हाताने लेजर उतरवताना मी दलालीची रक्कम लाल शाईने लिहीत होते. फेब्रुवारीपर्यंत पान लाल झालं होतं.

मग ४ जून २०२४. लोकसभेचा निकाल. एक्झिट पोलच्या जोरावर ३ तारखेला बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढला होता आणि त्या मुलांनी काकांच्या खात्यात पुट विकून ठेवले होते. म्हणजे बाजार पडणार नाही अशी पैज. ४ तारखेला निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला, सेन्सेक्स ४,३९० अंश खाली बंद झाला. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवावी लागणारी हमी, कमी पडलं, कंपनीच्या जोखीम विभागाने भर दुपारी सौदे कापले आणि नंतरच्या दिवसांत तारण ठेवलेली युनिट्स आणि शेअर विकून येणं वसूल केलं. त्या एका दिवसाचा तोटा ११.६ लाख.

काकांना हे कळलं जुलैत, डिपॉझिटरीचं एकत्रित विवरण टपालाने आलं तेव्हा. काकूंनी पाकीट फोडलं. त्यांना आधी वाटलं की चुकून शेजाऱ्यांचं आलंय.

किती मागायचं

एफआयआरचा हट्ट मी पहिल्याच दिवशी सोडायला लावला. गुन्हा दाखल होऊ शकला असता, व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचे म्हणून जुन्या दंड संहितेच्या ४२० खाली. पण फौजदारीत सिद्ध करावं लागतं ते फसवण्याचा हेतू, आणि ओटीपी तर काकांनीच दिलेला. पैसे परत यायची वाट तिकडून लांबची. ग्राहक मंचाकडे ‘व्यापारी हेतू’चा वाद निघाला असता. राहिली ती स्कोअर्स या सेबीच्या पोर्टलवर तक्रार, आणि त्यानंतर जुलै २०२३ पासून सुरू झालेली ऑनलाइन वाद निवारणाची व्यवस्था. आधी समेट, नाही जमला तर लवाद.

मुलाने घरी बसून नुकसानाचा तक्ता केला होता. प्रत्यक्ष तोटा आणि दलाली मिळून २३.६ लाख. युनिट्स विकली गेली नसती तर पुढे वाढली असती ती वाढ आणि बुडालेले डिव्हिडंड धरून ५.१ लाख. आणि मानसिक त्रासाबद्दल पाच लाख. एकूण ३३.७.

मी त्रासाचे पाच लाख खोडले. मुलगा रागावला. बाबा रात्री झोपत नाहीत, त्याची किंमत शून्य का? किंमत शून्य नव्हती. पण दाव्याची रक्कम ३० लाखांच्या वर गेली की एकाऐवजी तीन लवाद बसतात. तीन लवाद म्हणजे तीन जणांच्या तारखा जुळवणं, जास्त फी, आणि अशा केसमध्ये माझा अनुभव असा की तिघे मिळून मधला आकडा काढतात. त्रासाचे पैसे या लवादात क्वचितच मिळतात, आणि त्यांच्यासाठी सगळी चौकट बदलून घेणं मला परवडत नव्हतं. २८.७ वर आलो. वाढीचे ५.१ मिळणार नाहीत हे मला माहीत होतं, पण वाटाघाटीत सोडून द्यायला हाताशी काहीतरी असावं लागतं.

समेटाच्या बैठकीत कंपनीने दीड लाख देऊ केले, ‘सदिच्छा म्हणून’. त्याच सुमारास, २३ सप्टेंबरला, सेबीचा अभ्यास आला की २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. मला वाटलं हा आपला मुद्दा. समोरच्या वकिलांनी तो त्यांचा करून टाकला. सगळेच हरतात, तर तुमच्या अशिलाच्या हरण्यात वेगळं काय? युक्तिवाद म्हणून वाईट नव्हता. काका घरी जाताना म्हणाले, "वकीलबाई, म्हणजे मी नापास झालेल्या मोठ्या वर्गातला एक."

‘हो, हो’

आमचा कायदा एका परिपत्रकावर उभा होता. सेबीचं २२ मार्च २०१८ चं. ग्राहकाने ऑर्डर दिली याचा पुरावा दलालाने ठेवायचा. सहीचा कागद, फोनचं रेकॉर्डिंग, नोंदवलेल्या पत्त्यावरचा ईमेल, संगणकाची नोंद, एसएमएस, असं काहीतरी. वाद झाला तर सिद्ध करण्याची जबाबदारी दलालावर. आणि अधिकृत व्यक्तीच्या करण्या-न करण्याला मूळ दलाल जबाबदार, हे २००९ पासूनच ठरलेलं, त्यामुळे ‘ती मुलं आमची नाहीत’ ही पळवाट नव्हती.

कंपनीकडे ऑर्डरचा एकही पुरावा नव्हता. त्यांचं म्हणणं, रेकॉर्डिंगचा सर्व्हर बदलताना माहिती उडाली. परिपत्रकात यासाठी जागा आहे. तांत्रिक बिघाडासारखं अपवादाचं कारण असेल तर दलालाने ते पटवून द्यायचं, मग सौद्यानंतरची ग्राहकाची पुष्टी, पैशांची देवघेव असा दुसरा पुरावा बघता येतो. मी बिघाडाचा कागद मागितला. तक्रार कोणाकडे केली, दुरुस्तीला कोण आलं, एक्सचेंजला कळवलं का. त्यांनी कॉम्प्युटर खरेदीचं बिल दिलं.

तरी त्यांच्याकडे नऊ कॉल होते. सौद्यानंतर मुख्य ऑफिसातून केलेले पुष्टीचे. सहा नोव्हेंबरपर्यंतचे, तीन डिसेंबरनंतरचे. त्यांनी प्रत्येकाचा इंग्रजी उतारा जोडला होता आणि प्रत्येक उताऱ्यात काका ‘यस, यस’ म्हणत होते.

लवाद एक निवृत्त बँक अधिकारी होते, मराठी नव्हते. उताऱ्यावर गेले असते तर केस तिथेच संपली होती. मी रेकॉर्डिंग वाजवायची परवानगी मागितली. सुनावणी व्हिडिओवर, काका माझ्या शेजारी, मधे लॅपटॉप. मार्च महिन्यातला कॉल, दोन मिनिटं दहा सेकंद. मुलगी हिंदीत भराभर वाचतेय, सौद्यांची लांब यादी, स्ट्राइक, लॉट, भाव. त्यात काका:

"हो."

"हो, हो."

"ऐकू येतंय, हो."

"हो... हो... बरं."

मी सतरा ‘हो’ मोजून ठेवले होते. पाचवा ‘हो’ हा ‘अंकल, आवाज़ आ रही है ना?’ याला होता. अकरावा काकूंना होता. मागे काकूंचा आवाज येतो, "चहा ठेवू का?" आणि काका रिसिव्हरमध्येच म्हणतात, "हो." उताऱ्यात तो ‘यस’ एका ऑप्शनच्या विक्रीसमोर बसवला होता.

लवादांनी मला विचारलं की मग या ‘हो’चा अर्थ काय. मी सांगितलं की फोनवर मराठी माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो एवढंच सांगत असतो की मी फोन ठेवलेला नाही. संमतीचा ‘हो’ वेगळा असतो, त्याच्यापुढे काहीतरी येतं, ‘हो, करा’, ‘हो, चालेल’. या नऊ कॉलमध्ये तसा एकही नाही. समोरचे वकील मराठीच होते, त्यांनी हरकत घेतली, ‘माझ्या सहकारी वकील भाषातज्ज्ञ नाहीत.’ मग त्यांच्याच अशिलाच्या अधिकाऱ्याला मी उलटतपासात एक प्रश्न विचारला, आणि तो उत्तर देण्याआधी म्हणाला, "हो, हो, बोला मॅडम." लवादांना अर्थ कळला नसेल, पण समोरचे वकील हसले आणि ते त्यांना दिसलं.

त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होते. तलावपाळीला एक फेरी मारून, शेंगदाणे खात घरी गेले.

जुलैचा चौकोन

काकांचा जबाब टिकवायला माझ्याकडे एक कागद होता, आणि तो मला कुठल्याही सर्क्युलरपेक्षा जास्त आवडला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. बहुतेक घरांत तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंची उचल लिहिलेली असते. काका स्टोअर्समधले, त्यांच्या नोंदी तर मालाच्या रजिस्टरसारख्या. १२ जुलै २०२३ च्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात होतं: ‘११.४० ओ.टी.पी. सांगितला — व्याजाचा.’ डिपॉझिटरीच्या नोंदीत तारण पक्कं झालं ती वेळ ११.४२.

दोन मिनिटांच्या अंतराने दोन स्वतंत्र नोंदी. एक डिपॉझिटरीच्या संगणकातली, एक फोडणीच्या डागांमधली. त्यात ‘व्याजाचा’ हा शब्द. काकांनी ओटीपी कशासाठी समजून दिला, त्याचा त्याच दिवशी लिहिलेला पुरावा. मी त्याचा फोटो जोडला. शिवाय फेब्रुवारी २०२४ मधला: ‘४०,००० चेक दिला — ठेव.’ तो चेक म्हणजे मार्जिन कमी पडल्यावर त्या मुलाने मागून नेलेले पैसे. कंपनीचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच होता, ग्राहकाने स्वतः पैसे भरले. ‘ठेव’ या शब्दाने त्याचं वजन निम्मं केलं.

फोटो मुलाने पाठवले होते. मला हवे होते तेवढेच चौकोन, मी सांगितलेल्या तारखांचे. मूळ कालनिर्णय मी बघितलं नव्हतं. पाचपाखाडीहून काकांचं नौपाड्यातलं घर चालत पंधरा मिनिटांवर आहे.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी अर्ज दिला की निवडक पानं चालणार नाहीत, पूर्ण वर्षं हजर करा. लवादांनी मान्य केलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. मी काकांच्या घरी गेले. २०२३ चं कालनिर्णय २०२४ च्या खाली, त्याच खिळ्याला. काकू ते द्यायला तयार नव्हत्या, कारण एका पानामागे उकडीच्या मोदकांची कृती होती. त्यांना पानाचा फोटो काढून दिला आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून एकेक महिना वाचायला लागले. काकू ओट्याशी पोहे भिजवत होत्या.

जुलै. १२ तारीख पाठ होती. खाली उतरत २८ ला आले. ‘११,४०० जमा. पेढे.’

"काका, हे कसले पेढे?"

काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "पहिला नफा आला ना, त्याचे. अर्धा किलो. दुकानात त्या पोरांनाही नेऊन दिले."

काकूंनी मागे वळून बघितलं. त्यांना वाटलेलं की ते पेढे एका भाच्याच्या निकालाचे होते.

म्हणजे काकांना ठाऊक होतं. व्याज नव्हे, नफा. ‘नेले असं नाही, गेले’ असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते तेव्हा नेमकं हेच सांगत होते, आणि मी ते म्हाताऱ्या माणसाचा संकोच समजून पुढे गेले होते. मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलंत का?" ते म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता. स्टोअर्समध्ये मागितलेला माल द्यायचा, न मागितलेला कपाटात राहू द्यायचा.

रात्रभर विचार केला. पान गाळायचा प्रश्न नव्हता, तसं केलं तर माझी सनद त्याच खिळ्याला लटकली असती. प्रश्न होता मांडायचं कसं. दुसऱ्या दिवशी आमच्या निवेदनाचा साचाच मी बदलला. ‘काकांना काहीच माहीत नव्हतं’ हे वाक्य काढून टाकलं. जुलै ते नोव्हेंबरच्या व्यवहारांना त्यांची मूक संमती होती हे मान्य केलं, त्या काळातला १.६ लाखांचा तोटा सोडला. आणि सगळा जोर डिसेंबरवर टाकला. महिन्याला दहा सौद्यांना डोळे मिटून दिलेली मान्यता ही दिवसाला दहा सौद्यांना दिलेली मान्यता नव्हे. पेढे २८ जुलैचे आहेत, डिसेंबरनंतर कालनिर्णयात एकाही नफ्याची नोंद नाही, आणि काका नोंद केल्याशिवाय राहणारे नाहीत. सिलिंडरसुद्धा सोडत नाहीत.

केस वाचली, पण ती आधीची राहिली नाही. उलटतपासात काकांना विचारलं गेलं, ‘पेढे कोणत्या दुकानातून आणले?’ प्रश्नाला काही अर्थ नव्हता, पण त्यानंतर ‘मला काही कळत नव्हतं’ हे वाक्य काकांच्या तोंडी शोभेना. त्यांच्या मोबाइलमध्ये न उघडलेले १,९०० च्या वर एसएमएस होते, एक्सचेंजकडून रोज संध्याकाळी येणारे सौद्यांचे आणि ईमेल पत्ता बदलल्याचाही. पेढ्यांच्या आधी हे एका अज्ञ माणसाचे न वाचलेले मेसेज होते. पेढ्यांनंतर ते बघायचे टाळलेले वाटू लागले. तो एक चौकोन मी पहिल्या आठवड्यात वाचला असता तर तो मीच सांगितला असता, माझ्या शब्दांत, माझ्या क्रमाने. समोरच्याने तो शोधून काढल्यासारखा दिसला, त्याची किंमत लागली.

निवाडा

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात निवाडा आला. नऊ पानं. जुलै ते नोव्हेंबर, काही नाही. डिसेंबरपासून ४ जूनपर्यंतचा तोटा आणि दलाली मिळून २२ लाख, त्यातले ६० टक्के कंपनीने द्यायचे, म्हणजे १३.२ लाख. ऑर्डरचा पुरावा नाही, सर्व्हरचं कारण पटलेलं नाही, पुष्टीचे कॉल ‘संदिग्ध’. ४० टक्के काकांच्या माथी, चाळीस हजारांचा चेक आणि न वाचलेले संदेश यांसाठी. युनिट्सच्या वाढीचे ५.१ लाख नामंजूर. साठ आणि चाळीस कुठून आले ते निवाड्यात लिहिलेलं नाही. या लवादांत ते बहुधा नसतंच. मला विचाराल तर सत्तर-तीस योग्य झालं असतं, आणि मधले दहा टक्के पेढ्यांचे होते.

कंपनी आव्हान देईल अशी भीती होती. त्यासाठी निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के आधी जमा करावे लागतात, इथे ९.९ लाख. ते त्यांनी टाळलं आणि पैसे दिले. उलट काकांच्या मुलालाच आव्हान द्यायचं होतं, उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी. लवाद कायद्याच्या कलम ३४ ची, म्हणजे निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायची, तीन महिन्यांची मुदत चालू होती आणि नेमका ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा चार विरुद्ध एक असा निकाल आला की कोर्टाला लवादाच्या निवाड्यात मर्यादित बदल करता येतो. मुलाने बातमी पाठवली, खाली तीन उद्गारचिन्हं. मला ‘मर्यादित’ या शब्दावर त्याच्याशी तासभर बोलावं लागलं. निवाड्याचा वेगळा काढता येण्यासारखा चुकीचा भाग, हिशेबाची चूक, निवाड्यानंतरचं व्याज, एवढंच. साठाचे शंभर करणं त्यात बसत नाही. उलट आपण गेलो की तेही येतील. काकांनी मुलाच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "वकीलबाई, पुरे."

तारण सुटलं, फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घेतला, खातं दुसरीकडे हलवलं, ईमेल पत्ता मुलाचा दिला. उरलेल्या शेअरमध्ये एक जुनी कंपनी आहे जी अजून नेमाने डिव्हिडंड देते. परवा सकाळी सव्वासातला माझा फोन वाजला. काकांनी एक एसएमएस पुढे पाठवला होता, त्यांच्या खात्यात ३६ रुपये जमा झाल्याचा. खाली लिहिलं होतं: ‘वाचला. वहीत लिहिला. हे आपलेच ना?’